बकुळाबाईंनी तिरला मुक्कामी शून्य हस्तगत केले त्याची कैफियत

श्रीसूर्यनारायण समर्थ. कारण की, थोरांनी तलवारीच्या मोहिमा लिहून ठेविल्या, भाल्यांच्या लिहिल्या, तहांची कलमे लिहिली, कोणाचा हत्ती कोणत्या नाल्यात रुतला तेही तिथीनिशी लिहिले. परंतु पेचकसाची मोहीम आजवर कोणी लिहिली नाही. हे न्यून पुरे व्हावे म्हणोन, शके १९४६ क्रोधीनाम संवत्सरी माघ वद्यात (याच पंधरवड्यास माळव्याचे शेजारी फाल्गुन वद्य म्हणतात, त्यावरून तंटा नको, अंधार दोघांचा एकच) धार आणि देवास या दोन मुलखांत जे वर्तमान घडले, ते तिखटमीठ न लावता येथे नमूद केले असे. फत्ते अगदी शेवटी आहे, तरी वाचणाराने मध्येच उठू नये.

धार शहरी बकुळाबाई पोतनीस म्हणोन एक थोर बाई. अखंडित-हजेरीपत्रक-अलंकृत, प्रयोगशाळा-धुरंधर, महाविद्यालयात पदार्थविज्ञानाच्या मुख्य, वय सत्तावन्न. यांचे पूर्वज लष्कराबरोबर देशावरून माळव्यात आले आणि दरबारी खजिन्याचे पोतनीस जाहले. आणि त्या घराण्याची रीत ऐसी की, पोत्यावरची लाखेची मोहोर शाबूत आहे हे आपल्या डोळ्यांनी पाहिल्यावाचून कोणी जेवावयास उठत नसे. दरबार गेला, पोती गेली, रीत तेवढी उरली. बकुळाबाई रोज निजण्यापूर्वी गॅसची कळ तीन वेळा पाहतात, आणि चौथ्यांदा यजमानांस पाठवितात.

ऐशा बाईंकडून नऊ वर्षांपूर्वी एक मोहोर पाहावयाची राहिली. हेच या कैफियतीचे मूळ.

त्याचा तपशील येणेप्रमाणे. मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यानच्या मुलखात दगडांची एक बेबंद टोळी फिरते, त्यांस लघुग्रह म्हणतात. सूर्याचा प्रकाश निघतो तो चहूं अंगांनी सारखा डुलत निघतो, आणि दगडावर आपटून माघारा फिरतो तेव्हा एका अंगास किंचित कलतो; शंभरात एक, फार तर दोन भाग. हा कल मोजला म्हणजे तो दगड कोळशासारखा काळा की वाळूसारखा फिका, आणि अंगावर धूळ केवढी, हे धारेत बसल्या बसल्या समजते. कल ज्या अंगास असावा त्याच्या आडव्या अंगास निघाला, तर त्याच्यामागे उणे लावितात. बाईंनी नऊ वर्षांपूर्वी उसन्या यंत्राने एका लघुग्रहाचा कल काढला, तो भरला उणे दोन, आणि मग मोठ्या परिषदेत उभ्या राहून, ठेवणीतली माहेश्वरी नेसून, तो आकडा त्यांनी जाहीर केला. तेव्हा मागल्या रांगेतून ऋजुता नामे एक तरुण विदुषी उठली आणि अदबीने म्हणाली, "मॅडम, शून्य-तारा पाहिला होता का?"

शून्य-तारा म्हणजे असा तारा, ज्याचा प्रकाश कोणत्याच अंगास कललेला नाही, हे थोरांनी वारंवार तोलून ठरविले आहे. त्याच्यावर यंत्र लाविले असता शून्यच यावे. न आले, तर कल आकाशातला नसून आपल्या यंत्रातला, आणि मोजलेले सारे पाण्यात. त्या रात्री ढग आले होते, इंदूरची शेवटची बस गाठावयाची होती, आणि शून्य-तारा पाहावयाचा राहिला होता. बाई म्हणाल्या, "नाही." आणि खाली बसल्या. पुढे तो निबंध त्यांनी आपल्याच हाताने मागे घेतला. सभेत कोणी हसले नाही. कोणी हसले असते तर बाईंनी वर्षा-दोन वर्षांत विसरूनही टाकिले असते. पण सगळे समजूतदारपणे गप्प राहिले, आणि ते गप्प राहणे बाईंच्या मनातून नऊ वर्षे गेले नाही.

मग बाईंनी मनसुबा केला की, यंत्र आपले, शून्य आपले, आणि मग त्याच दगडास पुन्हा विचारू. तो दगड चालू साली माघ वद्यात सोयीच्या जागी येणार, अमावास्येपावेतो राहणार, आणि पुढे चंद्राचा अंमल सुरू होऊन, चंद्र ओसरेतो दगडाचा सूर्याशी असलेला कोनही बदलून जाणार. चैत्रात पुन्हा परिषद. तिच्या कार्यक्रमपत्रिकेत बाईंचे नाव छापूनही जाहले होते.

यंत्राचे नाव ध्रुवणमापक. त्याची रचना ऐसी की, दुर्बिणीतून तारा आत शिरतो आणि प्रथम एका पातळ पारदर्शक चकतीतून जातो, ही चकती चार खुणांवर फिरवावयाची. आणि मग एक दुभंगी स्फटिक, तो एका ताऱ्याचे दोन करितो. आणि मग ते दोन्ही अरुंद झरोक्यातून कॅमेऱ्यावर पडतात. दोघांस तोलावे. समसमान भरले तर प्रकाश सरळ. आणि चकती फिरविता जड होता तो हलका व हलका होता तो जड होऊ लागला, तर प्रकाश कललेला. एवढ्याकरिता बाई खरेदी समितीपुढे सात वेळा हाजीर जाहल्या. सातव्या खेपेस "दुर्बीण असता आणखी यंत्र कशास?" हा सवाल निकालात निघाला, कारण ज्यांचा सवाल होता ते सेवानिवृत्त जाहले. स्फटिक परमुलखातून आला, तो जकातीच्या ठाण्यात एकवीस दिवस नजरकैदेत राहिला, कारण हे जवाहीर आहे की भिंग, याचा निवाडा होईना. संगणकाचा तोफखाना गणित विभागाचे राजवीर यांजकडे सोपविला. राजवीर वय बत्तीस, घराणे मराठी, शाळा हिंदी. मराठी बोलतात बेधडक, वाचावयाचे जाहल्यास बायकोस हाक मारितात.

राहिली पितळेची पेटी आणि चकतीचे कडे. हे काम देवासच्या टेकडीखालचे मोरोपंत जिनगर यांजवाचून कोणास दिले नाही. यांचे पूर्वज लष्कराचे जीनसाज होते. घोडे गेले तेव्हा या घराण्याने पितळ कातण्याचा खराद धरला, आणि मोरोपंतांचे वय आज एकाहत्तर असता, त्यांनी कातलेल्या पितळेवर बोट फिरविले तर कोठे सुरू जाहले आणि कोठे संपले हे समजत नाही. माघ शुद्धात बाई देवासास गेल्या, आणि त्यांच्या देखत मोरोपंतांनी चकती कड्यात बसविली. पेच तीन. पहिला बसेतो आवळला, दुसरा बसेतो आवळला, आणि तिसऱ्याशी येऊन त्यांनी हात कपाळास लाविला, देवीचे नाव घेतले, आणि पेच बसल्यावर आणखी पाव फेरा दिला. वर तांबड्या लाखेचा ठिपका ठेविला.

"हा काय प्रकार?" बाईंनी पुशिले.

"सव्वा," मोरोपंत म्हणाले. "आमच्या घरात शेवटचा बंद सव्वा. देवीला शिरा सव्वा शेर, तसा पेच सव्वा फेरा. पूर्वी एकदा ऐन नदीत सरदाराच्या जिनाचा तंग सुटला, सरदार पाण्यात. तेव्हापासून आमच्या हातून ढिला बंद निघाला नाही, बाईसाहेब. दोनशे वर्षं झाली."

कोणती नदी, कोणता सरदार, हे घरात कोणास ठाऊक नाही. परंतु शरम सर्वांस ठाऊक आहे. लाखेची मोहोर पाहून पोतनिसांच्या लेकीस गहिवरून आले, आणि त्यांनी पेटी शालीत गुंडाळून धारेस आणिली. शकुन उत्तम जाहला ऐसे त्यांस वाटले.

माघ वद्य सप्तमीस स्वारी धारेनजीकच्या तिरला मुक्कामी निघाली. फौज येणेप्रमाणे: जीप एक, दुर्बीण एक, बॅटऱ्या दोन, खासे दोन, कानटोप्या दोन, आणि शेव तीन पाव. तिरल्याच्या वेशीवर एक सरकारी शाळा, तिच्या गच्चीवर तळ दिला, आणि दिवेलागण होऊन अंधार पडताच लघुग्रह हुडकून काढिला, आणि चकती खुणेमागून खुणेवर फिरवू लागले, आणि गहू भिजविणाऱ्या पंपाची घरघर चालू असता दीड तासाने राजवीरांच्या संगणकावर आकडा उमटला.

"मॅडम! उणे दोन!" राजवीर ओरडले. "बरोब्बर तेच, नऊ साल पहले वालं! अब बोलो!"

बाईंचे हात गार होते ते एकाएकी ऊन जाहले. उणे दोन. म्हणजे नऊ वर्षे आपण बरोबर होतो, आणि उगाच खाली बसलो. त्या क्षणी बाईंस ती सभा दिसली, ती माहेश्वरी दिसली, आणि आपण पुन्हा उभे राहून, आवाज न चढविता, दोनच शब्द बोलतो आहोत हेही दिसले. राजवीरांनी शेवेचा पुडा फोडिला. बाईंनी एक मूठ घेतली, तोंडात टाकली, आणि चावता चावता त्यांस गॅसची कळ आठवली.

"शून्य-तारा लावा," बाईंनी हुकूम केला.

"मॅडम, ते उद्या पाहू ना," राजवीर निष्पापपणे बोलिले. "आज नाही पाहिला तर काय होतं?"

"नऊ वर्षं जातात," बाई म्हणाल्या.

मग शून्य-तारा लाविला, आणि शून्य यावे तेथे आले पाऊण. तासाभराने पुन्हा लाविला तो एक. मग बाईंनी आज्ञा केली की सगळी पेटीच दुर्बिणीवर नव्वद अंश वळवावी. आकाशातला कल असेल तर आपल्या जागी राहील, घरातला असेल तर पेटीबरोबर फिरेल. पेटी वळविली, आणि कलही इमानाने तिच्या मागोमाग वळला. चोर घरचाच निघाला. राजवीरांनी मसलत दिली की पाऊण वजा करून टाकावे. त्यावर बाईंनी निवाडा दिला तो ऐसा की, चोर रोज ठरलेलाच ऐवज नेत असता तर वजाबाकी चालली असती, परंतु हा तासातासाला मनास येईल तेवढे नेतो, सबब यास धरल्यावाचून गत्यंतर नाही. शेव तेथेच राहिली. परतताना जीपमध्ये बाईंस रडू येत होते ते त्यांनी पुलापर्यंत आवरून धरिले.

दुसरे दिवशी भरदुपारी बाईंनी प्रयोगशाळेचे दार लाविले, आणि एका बारीक भोकातून विजेरीचा झोत चकतीतून सोडिला, आणि भिंतीवर उजेडाचा ठिपका पडला, आणि मग त्या बोटाने चकती हळूहळू फिरवू लागल्या. ठिपक्याने एका जागी उभे राहावे. तो राहिला नाही; चकतीबरोबर भिंतीवर एवढेसे गोल रिंगण घालू लागला. तेव्हा सर्व उलगडा जाहला. चकती कड्यात तिरपी बसली होती. ती फिरली की दोन्ही ताऱ्यांच्या प्रतिमा जागा सोडीत, आणि एकीचा काठ झरोक्याच्या कडेस घासून कापला जाई, आणि तोल खोटा भरे. थंडी वाढेल तसे पितळ आणखी आकसे आणि चोरी वाढे. तिरपी का बसली? तीन पेचांपैकी दोन नेमके, आणि तिसरा पाव फेरा अधिक. वर तांबडी मोहोर.

बाईंनी पेचकस उचलिला, पेचाशी नेला, आणि खाली ठेविला. पाव फेरा उलटा द्यावयाचा, एवढेच काम. पण दुसऱ्याच्या हातची मोहोर त्याच्या माघारी फोडणे हे पोतनिसांच्या घरात बसत नाही. आणि दोनशे वर्षांत ज्याच्या हातून ढिला बंद निघाला नाही, त्याच्या पाठीमागे तो ढिला करणे म्हणजे चोरीवर चोरी. अमावास्येस सात दिवस राहिले होते. बाईंनी पेटी पुन्हा शालीत गुंडाळिली, आणि नवमीस पहाटेची इंदूरची बस धरिली, तेथून दुसरी बस धरिली, आणि पेटी मांडीवर घेऊन देवासास दाखल जाहल्या.

मोरोपंतांनी वर्तमान ऐकून घेतले. त्यांच्या पत्नी सुभद्राकाकूंनी पोहे आणून ठेविले, ते तसेच गार होत गेले.

"म्हणजे पेच ढिला करू म्हणता," मोरोपंत म्हणाले.

"पाव फेरा, मोरोपंत."

"बाईसाहेब, तुम्ही शिकलेल्या, मी सातवी पास. पण हा हात ते करणार नाही. तुम्ही करा. माझ्या खरादासमोर नको, धारला जाऊन करा. मी विचारणार नाही."

बाईंनी विजेरी काढिली, पेटी कामाच्या फळीवर ठेविली, आणि ठिपका समोरच्या भिंतीवर पाडिला, आणि मोरोपंतांस विनंती केली की चकती आपल्याच बोटाने फिरवावी. मोरोपंतांनी चष्मा पुसला. चकती फिरविली. ठिपका भिंतीवर चालू लागला. मोरोपंतांचे बोट थांबले, मग पुन्हा फिरले, आणि ठिपक्याने पुन्हा रिंगण घातले. अर्धशतक खरादापुढे काढलेल्या माणसास हे कोणी समजावून सांगावे लागत नाही.

"आऊट मारतंय," ते हळूच म्हणाले.

खरादावर फिरते काम मध्यावरून ढळले की कारागीर असे म्हणतो, आणि त्याहून वाईट गोष्ट त्याच्या कोशात नाही. एकीकडे पूर्वजांचा नेम, दुसरीकडे हातचे काम आऊट. मोरोपंत या दोहोंच्या मध्ये सापडले आणि खाली मान घालून बसले. त्यांचा चेहरा पाहून बकुळाबाईंस वाटले की आपण उगाच आलो, धारेसच केले असते तर बरे होते.

तेव्हा सुभद्राकाकू पोह्यांची बशी उचलावयास आल्या त्या तेथेच उभ्या राहिल्या.

"अहो, पण तो सव्वा कशाला होता, ते आठवतंय का तुम्हाला?" त्या म्हणाल्या.

"कशाला म्हणजे? सरदार पडला म्हणून."

"पडला का पण? सासूबाई सांगायच्या ना. जीन चढवताना घोडा लबाडीनं पोट फुगवून धरतो. आपण तंग आवळतो, आणि चार पावलं गेला की पोट सोडतो, की तंग झाला ढिला. म्हणून वर पाव. घोड्याच्या लबाडीचा पाव आहे तो." काकूंनी पेटीकडे पाहिले. "ही पितळ काय पोट फुगवते का?"

शेजारच्या दुकानातून वेल्डिंगची चरचर ऐकू येत होती. मग मोरोपंतांच्या मिशा हलल्या, आणि ते खांदे हलवून हसू लागले, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

"दोनशे वर्षं!" ते म्हणाले. "दोनशे वर्षं आम्ही पितळेला घोडा समजलो, बाईसाहेब. आणि हिला माहीत होतं!"

"विचारलं कोणी?" काकू म्हणाल्या, आणि पोहे गरम करावयास घेऊन गेल्या.

मग मोरोपंतांनी दस्तुरखुद्द लाख खरवडली, देवीची क्षमा मागितली, आणि पेच पाव फेरा मागे घेतला. घराण्याच्या इतिहासात माघार ती एवढीच. ठिपका भिंतीवर उभा राहिला आणि चकती किती फिरविली तरी हालला नाही. परंतु सव्वा वाया घालविणेही रास्त नव्हे, सबब तो पाव फेरा पेटीच्या बाहेरील कडीच्या पेचास बहाल केला, जेथे ताऱ्यांचा संबंध येत नाही आणि कडी मात्र जन्मात निखळणार नाही. आणि मोरोपंतांनी फर्मान काढिले की पुढील लढाईस आपण जातीने येणार.

अष्टमीपासून आभाळ भरले ते चार दिवस उघडले नाही. बाई रोज संध्याकाळी गच्चीवर उभ्या राहून ढगांकडे पाहत, आणि ढग बाईंकडे पाहत. द्वादशीस दुपारून वारा सुटला, आभाळ निखळ जाहले, आणि जीप पुन्हा निघाली. या खेपेस फौजेत मोरोपंत, सुभद्राकाकू, आणि सव्वा शेर शिरा यांची भर पडली.

परंतु तिरल्याच्या शाळेशी पोहोचतात तो काय, शेजारच्या मळ्यात लग्न. हॅलोजनचे सोळा दिवे लाविलेले, आणि डीजेच्या गाडीवरून हिरव्या झोतांच्या तरवारी आभाळात फिरताहेत. लघुग्रह दिसतो न दिसतो ऐसी अवस्था. उद्याचा भरवसा नव्हता. हवामान खात्याने पुन्हा ढग सांगितले होते. बाईंनी राजवीरांस वकील म्हणून रवाना केले. वधूपिता गरम माणूस, परंतु राजवीरांची जबान हिंदी आणि माळवी दोहोंत चालणारी.

"भिया, दो घंटे को लाइट बंद कर दो," राजवीर हात जोडून म्हणाले. "आपका दूल्हा तो कल भी यहीं रेगा. हमारा वो पत्थर चला जाएगा."

वधूपित्याने पत्थर कोणता ते विचारले, मग मॅडम कोण ते विचारले, आणि मॅडमनी आपल्या थोरल्या मुलास महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकविले होते आणि तो पासही जाहला होता, हे उमगताच दिव्यांची कळ आपल्या हाताने खाली ओढिली. तह ऐसा ठरला की, जेवणावळ कंदिलावर चालेल, डीजे थांबेल, आणि मोबदल्यात नंतर वऱ्हाडास दुर्बिणीतून गुरू दाखवावयाचा. मळा काळोखला. एका म्हातारीने "ग्रहण लागलं का?" असे विचारिले, ते गच्चीपर्यंत ऐकू आले.

या वेळी बाईंनी लघुग्रहाकडे पाहिलेही नाही. आधी शून्य-तारा. चकती चार खुणांवर फिरली, पुन्हा चार खुणांवर फिरली, पेटी वळविली, पुन्हा फिरली. मोरोपंत पाण्याच्या टाकीस टेकून डोळे मिटून बसले होते, आणि काकूंनी शिऱ्याच्या डब्याचे झाकण उघडले नव्हते. राजवीर संगणकाकडे पाहत राहिले, आणि मग त्यांनी संगणक बाईंकडे वळविला. शंभरात पाच शतांश. आणि मोजण्याची चूक तेवढीच.

"काय आलं?" मोरोपंतांनी डोळे न उघडता विचारले.

"काही नाही," बाई म्हणाल्या.

"काही नाही?"

"काहीच नाही, मोरोपंत. शून्य." आणि बकुळाबाई पोतनीस, अखंडित-हजेरीपत्रक-अलंकृत, शाळेच्या गच्चीवर कानटोपी घालून उभ्या होत्या तेथेच रडू लागल्या.

मोरोपंत गडबडून उठले. "आमच्या कामाला शून्य देऊन असं कुणी रडलं नव्हतं, बाईसाहेब," ते म्हणाले. पण शून्य म्हणजे फत्ते हे काकूंच्या आधीच ध्यानी आले होते. त्यांनी डबा उघडला.

मग लघुग्रहावर स्वारी केली, आणि तो काही फार लढला नाही. मळ्यातले दिवे पुन्हा लागण्यापूर्वी तो स्वाधीन जाहला. कल भरला उणे सव्वा. राजवीरांनी आकडा मोठ्याने वाचिला, आणि आपण काय वाचले हे त्यांचे त्यांस उशिरा कळले. मोरोपंत मात्र मुळीच चकित जाहले नाहीत. दिलेला सव्वा कोठे जात नाही, एवढेच ते म्हणाले, आणि त्यांनी शिऱ्याचा पहिला घास आभाळाकडे करून मग खाल्ला. ही गोष्ट शास्त्रात बसत नाही हे बाईंनी जाणिले, आणि त्या विषयी मौन धरिले.

उणे दोन खोटे ठरले. नऊ वर्षे मनातून ज्याचा कैवार घेतला तो आकडा बाईंनी त्या रात्री आपल्या हाताने पुसला. वऱ्हाडास गुरू दाखविला. नवरदेवाने दोनदा पाहिला.

दुसरे दिवशी सकाळी बाईंनी ऋजुता हीस बिनतारी खलिता धाडिला. मजकूर: "नऊ वर्षांपूर्वी तुम्ही एक प्रश्न विचारला होता. शून्य-तारा पाहिला. शून्य आहे. माझे उणे दोन चूक होते. उणे सव्वा बरोबर. चैत्रात हेच उभी राहून सांगणार आहे." जबाब दुपारी आला. तो लांब नव्हता. "मॅडम, शून्य पोहोचलं. एक गोष्ट तेव्हा बोलायची राहून गेली. मी तो प्रश्न विचारला, कारण त्याच्या आदल्याच महिन्यात मी स्वतः शून्य-तारा पाहिला नव्हता, आणि मला सभेत कुणी विचारलं नव्हतं. तुम्ही उभ्या राहून 'नाही' म्हणालात. मला ते जमलं नसतं."

बाईंनी तो जबाब तीनदा वाचिला. चौथ्यांदा यजमानांस वाचावयास दिला.

येणेप्रमाणे शके १९४६, माघ वद्य द्वादशीस, तिरला मुक्कामी, शाळेच्या गच्चीवर फत्ते जाहली. लुटीत आले ते शून्य एक आणि उणे सव्वा एक. आपल्याकडील कोणी कामी आले नाही. पेच एक, पाव फेरा मागे हटला, तो घराण्याच्या संमतीने हटला. पेटी महाविद्यालयाच्या कपाटात सुखरूप आहे, वर मोरोपंतांच्या हातची नवी तांबडी मोहोर आहे, आणि बाहेरील कडी आजतागायत कोणास उघडता आलेली नाही, मोरोपंतांस बोलवावे लागते. ऋजुतेचा जबाब आला त्या रात्री बकुळाबाईंनी निजण्यापूर्वी गॅसची कळ एकदाच पाहिली, आणि यजमान बराच वेळ जागे राहिले, परंतु त्यांस कोणी पाठविले नाही.